थोरलीची नथ

होन्नव्वाच्या शिव्या संपल्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि पंप चालूच होता.

तिच्याकडे शिव्यांची काही टंचाई नव्हती. तीस वर्षं तालुक्याच्या बाजारात मासळीची पाटी लावून बसलेली बाई ती. गिऱ्हाइकाने माशाचा कल्ला उघडून नाक मुरडलं, तर त्याच्या सात पिढ्यांची नाकं ती भर बाजारात मोजून दाखवी. पण पंपाला कान नसतात. तराफ्यावर बसवलेलं ते पिवळं धूड धडधडत होतं, आणि मांडीएवढ्या जाड काळ्या नळीतून धरणाचं उरलंसुरलं पाणी चार किलोमीटरवरच्या पोलाद कारखान्याकडे चाललं होतं.

ती उभी होती ती जागा धरणाच्या पोटातली. चांगल्या वर्षी तिथे डोक्यावर पन्नास हात पाणी असतं. यंदा पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, आणि गुढीपाडव्यापासून ऊन असं की पारा चव्वेचाळिसाच्या खाली यायचं नावच घेत नव्हता. नजर पोचेल तिथवर भेगाळलेला गाळ. भेगांमधून शिंपले जबडे उघडून मरून पडलेले, त्यांचा वास गावापर्यंत येई. कासवं पाणी शोधत निघाली ती वाटेतच पाठ तापून मेली. करकोचे पहिला महिनाभर खाऊन खाऊन माजले, मग खायला काही उरलं नाही तशी त्यांनीही वाट धरली. गेल्या आठवड्यात पाणमांजरं गावातल्या विहिरीपाशी आली आणि कुत्र्यांनी त्यांतली दोन फाडली.

एवढ्या अफाट धरणात पाणी म्हणून उरलं होतं ते एकाच ठिकाणी, गंगम्माच्या डोहात. धरण व्हायच्या आधी इथे नदी होती, काठावर आमचं जुनं गाव होतं, आणि गावाचं नावच या डोहावरून पडलेलं: हिरेमडू, म्हणजे थोरला डोह. गाव बुडालं, नाव घेऊन आम्ही वर माळावर आलो, डोह खालीच राहिला. त्यात गंगम्मा देवीचे मासे असतात, महाशीर. पावसाळ्यात ते नदी चढून वर जातात, अंडी घालतात, आणि सगळं धरण पिल्लांनी भरतं. धरण याआधी दोनदा आटलं होतं. दोन्ही वेळा मासे परत झाले ते याच डोहातल्या बियाण्यावर. डोह गेला तर पुढच्या वर्षी पाऊस येईल, धरण भरेल, आणि त्यात चिलापीखेरीज काही नसेल. चिलापी काय, गटारातसुद्धा जगते.

म्हणून डोहाचे तीन नेम. डोहात जाळं टाकायचं नाही, कधीच. हद्दीच्या आत पायात काही घालायचं नाही. आणि तिसरा नेम दगडाचा. डोहाच्या काठच्या खडकावर एक पाऊल कोरलेलं आहे. पाणी उतरत उतरत पावलाला टेकलं, की त्या दिवसापासून डोहातून घागर भरायची नाही. मग तो शेतकरी असो, परीट असो, नाहीतर आणखी कोणी.

त्या दिवशी पाणी पावलाच्या खाली चांगलं हातभर उतरलेलं होतं.

राखण होन्नव्वाच्या सासरच्या घराण्याकडे. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, पोरबाळ नाही, तेव्हा राखण तिच्या गळ्यात आली, आणि तिने ती नुसती गळ्यात नाही, डोक्यावर घेतली.

कारखान्याची जीप हद्दीच्या दगडांपाशी थांबली. आतून सुधींद्र उतरला. पाण्याचं खातं सांभाळणारा साहेब, वय तिशीच्या आत, बोलायला गूळ.

"नमस्कार, अव्वा. आज पण लवकर?"

"लवकर तूच आलास, बाबा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथंच आहे."

"हे बघा, परवानगी आहे आमच्याकडे. जिल्ह्याचा कागद आहे. मृतसाठ्यातून उचलायचं, ते पण आठच दिवस. पाच झाले. आणखी तीन दिवसांत आमची टाकी भरली की पंप नेतो."

"कसला साठा म्हणालास?"

"मृतसाठा. म्हणजे दरवाज्याच्या खालचं पाणी. ते कालव्यात जात नाही. कुणाच्याच उपयोगाचं नसतं ते."

होन्नव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपायांत आग होतीच. त्या गाळावर सकाळी नऊलासुद्धा भाकरी फुगली असती.

"मेलेला म्हणतोस याला? अख्ख्या धरणात जे काही जित्तं आहे ते एवढ्याच पाण्यात आहे, आणि कागदावर ते मेलेलं? मेलेलं बघायचंय तर मागं वळून बघ. कोसभर पडलंय. तिथं लाव तुझा पंप आणि ओढ."

"अव्वा, मी पगारी माणूस."

"दिसतंच आहे. तो पंप पण पगारीच. तो पण ऐकत नाही."

सुधींद्र हसला. त्याला हसता येत होतं याचाच तिला जास्त संताप आला. "गेल्या दुष्काळात माझी सासू मरायला टेकली," ती म्हणाली. "घरात तोंडात घालायला घोटभर नाही. माझा नवरा दोन कोस चालत गेला, दुसऱ्या गावच्या विहिरीचं पाणी घेऊन आला. तोवर म्हातारी गेली. हा डोह दारात होता, पण पाणी पावलाला टेकलेलं, म्हणजे घागर भरायची नाही हा नेम. त्यानं यातलं चूळभर नाही घेतलं. आणि तू लोखंड भिजवायला नेतोस?"

त्याने मान खाली घातली, हे मात्र खरं. मग जीपमधून गार पाण्याची बाटली काढली आणि हद्दीचा दगड ओलांडून तिच्याकडे यायला लागला.

"जोडे काढ."

"पाय भाजतील, अव्वा."

"आमचे काय लाकडाचे आहेत?"

त्याने पाय मागे घेतला आणि तिथूनच हात लांब करून बाटली दिली. होन्नव्वाने ती घेतली, झाकण काढलं, डोहापर्यंत गेली आणि बाटली त्यात उपडी केली.

"एवढं तरी परत आलं," ती म्हणाली आणि रिकामी बाटली जीपकडे भिरकावली.

संध्याकाळी तिचा दीर यमनप्पा आला. तिच्या नवऱ्याचा पाठचा भाऊ, पन्नाशीचा. अर्धी हयात त्याने सरकारी मत्स्यबीज केंद्रावर रोजंदारी केलेली. माशांची अंडी पिळायची, पिल्लं मोजायची, पिशव्यांत हवा भरून ट्रकवर चढवायची. होन्नव्वा त्याला सरकारी माशांची सुईण म्हणे, आणि ते काही लाडाने नव्हे.

या दोघांमधलं वाकडं जुनं होतं. सतरा-अठराचा असताना यमनप्पाने एका रात्री मित्रांच्या नादाने डोहात जाळं टाकलं. सकाळी सख्ख्या भावाने गावासमोर त्याचं जाळं जाळलं, आणि जाळ्याबरोबर त्याचा नवाकोरा हरगोल, बांबूची ती वाटोळी होडी. त्या दिवसानंतर यमनप्पाने स्वतःचा हरगोल पुन्हा कधी विणला नाही, केंद्रावर कामाला लागला.

तो हद्दीबाहेर चपला काढून आत आला आणि उकिडवा बसला. "वैनी, पहाटे बघितलंत का? मासे वर येऊन आ वासतात."

"गरम होतंय त्यांना. तुला मला होत नाही?"

"गरम पाण्यात हवा टिकत नाही. त्यात ही वरची हिरवी साय बघा, चार दिवसांत केवढी धरली. दिवसा ऊन आहे तोवर ती हवा सोडते. रात्रभर मग तीच हवा खाते. पहाटेला पाण्यात श्वासच उरत नाही. मोठा मासा आधी जातो. त्याला जास्त लागते."

"मग? साय काढू. बायका बोलावते उद्या."

"साय काढून भागायचं नाही. पाणी थोडं आणि तोंडं फार." त्याने एक खडा उचलला, ठेवला. "जाळं टाकू या. हळूच, लहान आसाचं, बारीक भोकांचं. निदान शंभरएक चांगल्या माद्या काढू आणि कारखान्याच्या टाकीत नेऊन सोडू. चाळीस फूट खोल आहे ती, वरून नळीची धार पडते, हवा खेळती आहे. पाणी तर आपलंच आहे तिथं. पाऊस आला की परत आणू."

एक क्षण तिला पटलं होतं, हे तिने पुढे स्वतः सांगितलं. आणि पटलं म्हणूनच ती जास्त चवताळली.

"आईच्या डोहात जाळं टाकायचं, आणि आईला न्यायचं कुठं, तर चोराच्या घरी?"

"वैनी, नेम माशांसाठी आहे की मासे नेमासाठी?"

"मला शिकवू नकोस. बत्तीस वर्षं हात शिवशिवतोय तुझा. तेव्हा हरगोल जाळला, आता काय जाळू?"

यमनप्पाच्या चेहऱ्यावरचं सगळं जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे खाली गेले. "बरं," एवढंच तो म्हणाला. उठला, हद्दीबाहेर गेला, चपला हातातच धरून चालू लागला.

दोन दिवस गावच्या बायका जुनी लुगडी घेऊन डोहात उतरल्या. दोघींनी दोन टोकं धरायची आणि सायीवरून लुगडं ओढत काठाला आणायचं. हिरवा लगदा काठावर ढिगाने पडला, वाळला, त्याला गंजलेल्या भांड्यासारखा वास सुटला. हातापायांना खाज सुटून फोड आले. दुपारी पाण्यात उभं राहवेना, इतकं ते तापे. थोरली मात्र होन्नव्वाच्या हातून भाताचा गोळा घ्यायला दोन्ही दिवस आली. थोरली म्हणजे डोहातली सगळ्यांत मोठी मादी, उभी केली तर होन्नव्वाच्या छातीला लागेल एवढी. तिच्या वरच्या ओठात सोन्याची कडी होती, नखाएवढी. गंगम्माची नथ. एक थोरली म्हातारी होऊन मेली, की राखणदाराने नथ धुवायची आणि पुढची मोठी मादी हातून भात खायला आली, की अलगद तिच्या ओठात घालायची. गाव उठलं तेव्हा सरकारने देवीचा दगड वर हलवून द्यायची तयारी दाखवली होती. आमची जुनी माणसं म्हणाली, दगड न्या नाहीतर राहू द्या, नथ जिथे तिथे आई.

दुसऱ्या दिवशी थोरलीने गोळा तोंडात घेतला आणि सोडून दिला. होन्नव्वाने ते पाहिलं. कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी, दिलेल्या शब्दाप्रमाणे, पंप गेला. क्रेनने तराफा उचलला, ट्रकवर चढवला. डोह आता एखाद्या मोठ्या खळ्याएवढा उरला होता आणि मधोमध जेमतेम छातीभर खोल होता. तरी गावाने नारळ फोडला. आणि दुपार कलताना, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, आभाळ भरून आलं. काळं नव्हे, पण सूर्य झाकण्याइतकं. वारा पडला. सगळे अंगणात आले, वर बघत बसले. सबंध वैशाख गावाने देव पाण्यात घातले होते; इथे तर देवीच पाण्यावाचून होती, तिने ऐकलं असं सगळ्यांना वाटलं.

यमनप्पा तेवढा धावत आला. बत्तीस वर्षांत तो तिच्या दारात असा धावत आला नव्हता.

"वैनी, हे ढग चांगले नाहीत. ऊन गेलं की साय हवा सोडायची थांबते आणि खायची थांबत नाही. वारा पण नाही. आज रात्री टिकायचे नाहीत ते. केंद्रावर असल्या दिवशी आम्ही रात्रभर पाणी बडवायचो."

"अख्खं गाव ढगाकडं हात जोडून बसलंय आणि तू म्हणतोस ढग नको?"

"एकदा ऐका माझं."

"पाऊस पडू दे, मग ऐकते."

पाऊस पडला नाही. ढग पहाटेपर्यंत तसेच राहिले, गोधडीसारखे, आणि मग कुणाचं काहीही न करता निघून गेले.

फटफटताना होन्नव्वा डोहावर पोचली तेव्हा तिला आधी वाटलं, कुणीतरी डोहात चांदीचे पत्रे टाकले आहेत. मग कळलं, पोटं आहेत. शेकडो. काही अजून तोंडं उघडत होती, पाण्याच्या अगदी वर, हवेतच. शिंगाळे गेले होते, वाम गेले होते, बोटभर पिल्लांचा तर काठाला थर लागला होता. चिलापी तेवढी मधूनच इकडून तिकडे पळत होती, तिला काही झालं नव्हतं.

ती लुगडं न आवरताच पाण्यात शिरली. थोरली पावलाच्या खडकाला टेकून आडवी पडली होती. होन्नव्वाने तिला दोन्ही हातांवर घेतलं, तोंड वर धरलं, पाणी बडवलं, तिच्या तोंडात स्वतःच्या तोंडाने फुंकलंसुद्धा. कल्ला एकदा उघडला. पुन्हा उघडला नाही.

तेव्हा होन्नव्वा ओरडली. पंपाच्या नावाने ओरडली, जिल्ह्याच्या कागदाच्या नावाने, आठ दिवस म्हणणाऱ्या त्या गोड तोंडाच्या पोराच्या नावाने, तीन महिने डोक्यावर बसलेल्या सूर्याच्या नावाने. आणि मग आवाज खाली आणून, ज्या शिव्या तिने बाजारात कुणालाही दिल्या नव्हत्या त्या तिने स्वतःला दिल्या. तीन दिवस. तीन दिवस होते तिच्या हातात, आणि ती नेम धरून बसली होती.

काठावर यमनप्पा उभा होता. चपला काढलेल्या, हात रिकामे.

"बोल की," ती म्हणाली. "गप का? बैल गेला नि झोपा केला, म्हण."

"झोपा तरी करू, वैनी. एखादं वासरू राहिलं असेल आत."

तिने थोरलीच्या ओठातून नथ काढली. दात लावून कडी वाकवावी लागली. नथ पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"जाळं आण," ती म्हणाली. "पहिली फेक मी टाकते. जे काही पाप लागायचं ते मला लागू दे, तुला एकदा लागलंय तेवढं पुरे."

यमनप्पाकडे जाळं नव्हतं. गावातून आणलं. होन्नव्वाने ते खांद्यावर घेतलं तेव्हा काठावरच्या म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली, एक जण तर रडायला लागला. तिने फेक टाकली. बाजारात बसणारी बाई, तिला जाळं नीट उघडतासुद्धा येत नव्हतं. ते अर्धवट उघडून धपकन पडलं. मग यमनप्पाने तिच्या हातातून घेतलं.

मेलेले सोडायचे, हलणारा घ्यायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्री पसरली, डोहाच्या सगळ्यांत खोल भागातलं पाणी घागरींनी भरलं, वर ओली पोती आडवी बांधली. उन्हं वर यायच्या आत सत्तेचाळीस मासे ट्रॉलीत गेले. यमनप्पा त्यांच्यातच उतरून बसला आणि दोन्ही तळव्यांनी पाणी बडवायला लागला. होन्नव्वा दुसऱ्या बाजूने.

"कुठं घेऊ?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

"पाणी जिकडं गेलं तिकडं," होन्नव्वा म्हणाली.

चार किलोमीटर दोघं पाणी बडवत होती. काळी नळी रस्त्याच्या कडेने बरोबर चालली होती. होन्नव्वाचे तळवे लाल झाले, मग सुजले. वाटेत एकदाच यमनप्पा म्हणाला, "असा नाही, वैनी, हात थोडा वाकडा मारा, म्हणजे हवा आत जाते." तिने हात वाकडा केला.

कारखान्याच्या मागच्या फाटकावर दुरुगप्पा नावाचा पहारेकरी होता, पलीकडच्या गावचा. त्याने दंडुका आडवा धरला. "अव्वा, इकडं कुठं? साहेबांना विचारल्याशिवाय..."

"आत बघ," होन्नव्वा म्हणाली.

दुरुगप्पाने पोतं उचलून ट्रॉलीत पाहिलं. त्याच्या आईने त्याच्या जन्माआधी याच डोहाला नवस केला होता. दर वर्षी तो डोहावर भात घेऊन यायचा. त्याने पोतं पुन्हा खाली सोडलं, फाटक उघडलं, आणि मग एका पायावर उभं राहून चामडी सँडल काढायला लागला.

टाकी म्हणजे तळंच होतं. चारी बाजूंनी उतरते काँक्रीटचे काठ, आत काळं प्लॅस्टिक, आणि त्यात हिरवं नव्हे तर निळं दिसेल इतकं पाणी. कोपऱ्यात दुसऱ्या कुठल्यातरी नळीची धार अजून पडत होती, तिचा गारवा तोंडाला लागला. होन्नव्वाने ते पाणी पाहिलं आणि तिला भोवळ आली, ती रागानेच. एवढं पाणी, आणि कुणी त्यात जगत नव्हतं.

"एकदम सोडू नका," यमनप्पा ओरडला. "आधी इथलं पाणी ट्रॉलीत घाला, दोन घागरी, थांबा, परत दोन. अंगाला पाणी ओळखू द्या."

सत्तेचाळिसांपैकी एकोणतीस हलत होते. एकेक हातावर घेऊन, तोंड धारेकडे करून त्यांनी सोडले. काही तिथेच काठाशी थांबले, कल्ले हलवत. मग एक खाली गेला. मग बाकीचे.

सुधींद्र धावत आला तोवर ट्रॉली रिकामी झाली होती. त्याला काय झालं ते दुरुगप्पाने सांगितलं असावं, कारण तो आल्याआल्या ओरडला नाही.

"अव्वा, वाईट झालं. खरंच. पण हे असं चालणार नाही. कंपनीची टाकी आहे ही. इथून पाणी रोज आत जातं, मासे पंपात अडकतील. मी उद्या माणसं लावून काढून घेतो, तुम्ही म्हणाल तिथे सोडतो."

"मी म्हणेन तिथं?"

"हो."

होन्नव्वाने पदराची गाठ सोडली. नथ तळहातावर ठेवली, जरा बघितली. आज हलणाऱ्यांतल्या कुणाच्या ओठाला हात लावायची सोय नव्हती. श्वास घेण्याचीच त्यांना मारामार. तिने हात लांब केला आणि नथ टाकीत सोडली. पाण्यावर आवाजसुद्धा झाला नाही.

मागे दुरुगप्पाने हात जोडले. ट्रॅक्टरवाला खाली उतरला. भिंतीपलीकडे कामावर निघालेले दोघे-तिघे मजूर थांबून बघत होते, त्यांनी एकमेकांना काहीतरी सांगितलं आणि वाकून पायातलं काढलं.

"काय टाकलंत ते?" सुधींद्र म्हणाला.

"आईची नथ. जिथं ती, तिथं आई. सतरा गावांत विचार कुणालाही. तुझ्या पहारेकऱ्यालाच विचार."

"काढावी लागेल ती, अव्वा. मी पाणबुडे आणतो."

"आण. चाळीस फूट खोल, नखाएवढी कडी. टाकी उपसल्याशिवाय मिळायची नाही."

"मग उपसू."

"उपस की," होन्नव्वा म्हणाली. "तेच तर म्हणते मी. नळी घातलेलीच आहे. पंप फक्त उलटा लाव."

होन्नव्वा काठाच्या उतारावर दोन पावलं खाली गेली. तिच्या पायांना घोट्यापर्यंत डोहाचा गाळ होता, अजून ओला. पाण्याच्या रेघेला लागून तिने उजवा पाय काँक्रीटवर दाबला आणि उचलला. पाऊल उमटलं, पाची बोटं स्पष्ट, टाचेच्या जागी भाजून फुटलेल्या कातडीचं थोडं रक्त.

"हे पाऊल," ती म्हणाली. "पाणी आज याला टेकलंय. नेम तुला ठाऊक आहे, तुझ्यासमोर सांगितलाय. यमनप्पा, आजपासून तू राखणीला माझ्याबरोबर. इथंच."

यमनप्पा उतारावर तिच्या शेजारी येऊन बसला. त्याचे तळवे मांडीवर उघडे पडले होते, सोललेले.

होन्नव्वाही बसली. बुडाखालचं काँक्रीट आत्ताच तव्यासारखं झालं होतं, आणि अजून दहासुद्धा वाजले नव्हते. पाण्यात खाली कुठेतरी एकोणतीस होते. काल संध्याकाळी किती असते, हा हिशेब ती मरेपर्यंत करणार होती. तिने मान वळवून सुधींद्रच्या पायांकडे पाहिलं.

"आणि साहेब," ती म्हणाली, "जोडे."